यमदूतांची हद्द

राज्याच्या दंडसत्तेची हद्द सीमेपाशी संपते, पण अपराधाचे अपराधपण तेथे संपत नाही. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात आलेल्या माणसाचे त्या दुसऱ्या राज्याने काय करावे, हा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो आणि त्याचे पुरते उत्तर केवळ कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. अशा माणसाला धरून देणे हे कर्तव्य मानले, तर दाराशी आलेल्याला अभय द्यावे असे जे बहुतेक धर्मपरंपरांनी सांगितले आहे ते बाजूला सारावे लागते. त्याला आश्रय देणे हे कर्तव्य मानले, तर मागे राहिलेल्या, लुटल्या गेलेल्या किंवा मारल्या गेलेल्या माणसांशी आपले काही देणेघेणे नाही, असे त्या राज्याने म्हटल्यासारखे होते. आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्य, म्हणजे निरनिराळ्या देशांच्या पोलिसांनी फरारी माणसांची माहिती एकमेकांना पुरवणे, त्यांचा माग काढणे आणि त्यांना ताब्यात घेण्यास हातभार लावणे, हा सहसा प्रशासनाचा विषय समजला जातो. त्याच्या बुडाशी हा धर्मप्रश्न आहे याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

कर्मसिद्धान्त मानणाऱ्याला ही अडचण मुळातच पडत नाही. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला शोधीत येते. त्याने समुद्र ओलांडला, नाव बदलले किंवा दुसऱ्या राजाची चाकरी धरली म्हणून ते वाट चुकत नाही, आणि कोणाच्या परवानगीसाठी खोळंबतही नाही. पण या निश्चिंतीमागे एक गृहीत आहे. तेथे माणूस ओळखण्यात चूक होत नाही, खोटा पुरावा चालत नाही, आणि फळ देणाऱ्याचे कर्त्याशी वैर नसते. राज्याच्या दंडाला यांपैकी एकही गोष्ट लाभलेली नाही. म्हणून राज्ये जेव्हा परस्परांच्या मदतीने कर्मासारखी सर्वत्र पोहोचू पाहतात, तेव्हा त्यांना कर्माचा पल्ला मिळतो पण कर्माची अचूकता मिळत नाही, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा नाममहिमा सांगण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि कीर्तनातून ती तशीच ऐकली जाते. परंतु हद्दीच्या वादाची कथा म्हणून ती वाचली, तर तिच्यात निराळेच काही सापडते. आचारभ्रष्ट झालेला, चोरी आणि फसवणूक करून पोट भरणारा अजामिळ मरणाच्या वेळी धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारतो. पाश घेऊन आलेल्या यमदूतांना त्या क्षणी विष्णुदूत अडवतात. विष्णुदूत पाश तोडून निघून जात नाहीत. ते आधी विचारतात: तुम्ही धर्मराजाचे सेवक असाल तर धर्म म्हणजे काय ते सांगा, दंडाचे पात्र कोण ते सांगा, आणि कर्म करणारे सगळेच दंडनीय असतात की काहीच जण, तेही सांगा. यमदूतही या प्रश्नाने चिडत नाहीत. वेदाने सांगितले तो धर्म, असे म्हणून ते सूर्य, अग्नी, वायू, चंद्र, दिवस, रात्र, जल, पृथ्वी अशी साक्षीदारांची यादी मांडतात आणि अजामिळाचे दुराचरण एकेक करून सांगतात. युक्तिवाद ऐकून झाल्यावर विष्णुदूत आपली बाजू मांडतात, यमदूत हात हलवीत परततात आणि आपल्या स्वामीला असा प्रश्न करतात की जो आजही कोणत्याही प्रत्यर्पणाच्या खटल्यात शोभेल: या जगात शासन करणारे आहेत तरी किती, आणि ते अनेक असतील व एकाचे दुसऱ्याला मान्य नसेल, तर दंड कोणाला व्हायचा आणि कोणाला नाही हे ठरायचे कसे? यमाचे उत्तर दुहेरी आहे. आपल्यावरही एक सत्ता आहे हे तो कबूल करतो, आणि मग दूतांना आज्ञा देतो की अमुक लोकांना माझ्याकडे आणा, अमुकांच्या जवळपासही फिरकू नका.

कथेतल्या तपशिलांत बरेच शहाणपण आहे. धरायला आलेल्यांना येथे कोणी दुष्ट म्हणत नाही; त्यांचा अधिकार खरा आहे आणि त्यांच्याकडचा पुरावाही खरा आहे. तरीही त्यांना वाटेत थांबून कारण सांगावे लागते, आणि ज्याला न्यायचे त्याच्या देखत सांगावे लागते, कारण अजामिळ हा संवाद पडल्यापडल्या ऐकत असतो आणि पुढचा त्याचा पश्चात्ताप त्या ऐकण्यातूनच निपजतो. यमलोकाच्या पोलिसांना कोणाकडे जायचे नाही याची यादी खुद्द यमच देतो, ही गोष्टही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

युरोपातील विचारवंतांनी हाच प्रश्न राज्यांच्या भाषेत मांडला. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने १६२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील ग्रंथात असा सिद्धान्त सांगितला की, ज्या राज्यात अपराधी सापडतो त्या राज्याने एक तर त्याला स्वतः शिक्षा करावी, नाही तर मागणाऱ्या राज्याच्या स्वाधीन करावे. आश्रय हा अन्यायाने छळल्या गेलेल्यांसाठी आहे, समाजाला अपाय करून पळालेल्यांसाठी नाही. हे लिहिणारा स्वतः फरारी होता. जन्मठेपेची शिक्षा भोगत असताना १६२१ मध्ये तो लुव्हेस्टाइनच्या किल्ल्यातून पुस्तकांच्या पेटाऱ्यात बसून निसटला होता, आणि हा ग्रंथ त्याने पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या राजाच्या आश्रयाने लिहून त्या राजालाच अर्पण केला. स्वतःच्या सिद्धान्तातील आश्रयाचा अपवाद त्याला किती जवळचा होता, हे वेगळे सांगायला नको. पुढे इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया याने १७६४ मध्ये अपराध आणि शिक्षा यांवरील आपल्या छोट्या ग्रंथात, पृथ्वीवर लपायला वीतभरही जागा नाही ही जाणीव गुन्हा रोखण्याचे फार प्रभावी साधन ठरेल, हे मान्य केले. मात्र जोवर कायदे सौम्य होत नाहीत आणि शिक्षेतला लहरीपणा जात नाही, तोवर राज्यांनी अपराध्यांची देवघेव करावी की नाही याचा निकाल देण्याचे त्याने टाळले. लपायला जागा नसलेले जग चांगले की वाईट हे त्या जगातल्या न्यायालयांवर अवलंबून राहते, ही बेकारियाची अट पुढच्या दीडशे वर्षांत पोलिसांच्या तारायंत्राने मागे टाकली.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी वाचकाला अर्धेच ठाऊक असते. ८ जुलै १९१० रोजी सकाळी मार्सेलिस बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी मोरिया बोटीच्या शौचकूपाच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली, ते पोहत धक्क्यावर चढले आणि धावत सुटले, हा भाग शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्यानंतर हेग येथे त्या प्रसंगाचा जो निवाडा झाला त्याची चर्चा मात्र मोजक्या अभ्यासकांपुरती राहिली. सावरकरांना लंडनमध्ये मार्च १९१० मध्ये अटक झाली होती आणि खटल्यासाठी त्यांना बोटीने हिंदुस्थानात नेले जात होते. राजाविरुद्ध युद्धास चिथावणी आणि शस्त्रे पाठवणे यांसारखे आरोप त्यांच्यावर होते, आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या डिसेंबर १९०९ मधील खुनाला साहाय्य केल्याचाही आरोप होता. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवताच त्यांना एका फ्रेंच सागरी पोलीस अंमलदाराने पकडले आणि जहाजावरून पाठलाग करीत आलेल्यांच्या मदतीने पुन्हा बोटीवर नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

त्या काळच्या युरोपात प्रत्यर्पणाचा, म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्याला आरोपी रीतसर सुपूर्द करण्याचा, एक ठरलेला मार्ग होता, आणि राजकीय अपराध्याला सुपूर्द करायचे नाही हा अपवाद बेल्जियमने १८३३ च्या कायद्यात घातल्यापासून बहुतेक देशांच्या करारांत आला होता. सावरकरांचा अपराध राजकीय की कलेक्टरच्या खुनामुळे सामान्य, हा प्रश्न खरोखरच अवघड होता. एखाद्या फ्रेंच न्यायालयाने तो कसाही सोडवला असता. पण तो त्या न्यायालयापुढे गेलाच नाही. अजामिळाच्या उशाशी जो प्रश्न विचारला गेला तो मार्सेलिसच्या धक्क्यावर कोणी विचारला नाही, आणि ज्याला धरले त्याची बाजू ऐकण्याइतका वेळही कोणाकडे नव्हता.

फ्रान्समध्ये गवगवा झाला. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँग्वे यांनी समाजवादी वृत्तपत्रातून हा विषय लावून धरला, आणि अखेर दोन्ही सरकारांनी ऑक्टोबर १९१० मध्ये हा वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे सोपवण्याचा करार केला. बेल्जियमचे बेर्नार्ट हे अध्यक्ष, आणि फ्रान्सचे लुई रेनो, नॉर्वेचे ग्राम, नेदरलँड्सचे साव्होर्निन लोमान व इंग्लंडचे लॉर्ड डेझार्ट हे सदस्य होते. यांतील बेर्नार्ट आणि रेनो हे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्यांनी निवाडा दिला. त्या निवाड्याचा कणा म्हणजे दोन देशांच्या पोलिसांमधला पत्रव्यवहार. लंडनच्या पोलीसप्रमुखाने २९ जूनला पॅरिसच्या पोलीस संचालकाला लिहून या कैद्याच्या प्रवासाची कल्पना दिली होती आणि त्याची सुटका करण्याचे प्रयत्न होऊ नयेत म्हणून बंदोबस्ताची विनंती केली होती. पॅरिसहून तशा सूचना मार्सेलिसला गेल्या होत्या. एवढी देवाणघेवाण झालेली असताना, धक्क्यावरचा फ्रेंच अंमलदार वरिष्ठांच्या आज्ञेनेच वागतो आहे असे ब्रिटिश पोलिसांना वाटले तर ते स्वाभाविक होते, असे लवादाने म्हटले. येथे ना कपट होते ना बळजोरी; अंमलदाराकडून अनियमितता घडली असेल, पण परक्या अंमलदाराच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, म्हणून इंग्लंडने सावरकरांना परत देण्याचे कारण नाही.

निवाड्यातील तर्क त्याच्या चौकटीत निर्दोष आहे, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. फ्रान्सचा मान दुखावला का, इंग्लंडने विश्वासघात केला का, हे दोन प्रश्न लवादाने विचारले, आणि दोन्हींची उत्तरे नकारार्थी आल्यावर विचारण्यासारखे काही उरले नाही. ज्याच्या देहावरून हा वाद होता तो या खटल्यात पक्षकार नव्हता. आश्रय हा फ्रान्सचा हक्क होता. फ्रान्सच्या अंमलदाराने तो नकळत सोडून दिला, म्हणून तो संपला. शरण आलेल्याचा त्यावर स्वतंत्र हक्क असू शकतो ही कल्पनाच त्या काळच्या राज्यव्यवहारात बसत नव्हती. दरम्यान मुंबईत मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, न्यायमूर्ती चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांच्या विशेष न्यायासनाने, आरोपी आपल्यापुढे कोणत्या मार्गाने आला हे पाहणे न्यायालयाचे काम नाही, असे ठरवून खटला चालवला होता, आणि लवाद बसण्यापूर्वीच दोन जन्मठेपांच्या शिक्षा सुनावूनही झाल्या होत्या. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर हे प्रार्थना समाजाचे अग्रणी होते. ईश्वराच्या दरबारात मध्यस्थ लागत नाही असे मानणाऱ्या पंथाच्या या धुरीणाला राज्यांच्या दरबारात कैद्याचे म्हणणे कोणत्याच दाराने आत येत नाही हे जाणवले असेल का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, या निवाड्यातील पोकळी त्या मतावर अवलंबून नाही. तेथे एखादा सराईत चोर असता तरी ती तेवढीच राहिली असती.

असे असले तरी शरणागतीच्या परंपरेकडून केवळ आश्रयाची बाजू मागून घेणे हाही आळसच होय. महाभारताच्या वनपर्वातील कपोत आणि ससाणा यांची कथा बहुधा कबुतराला आश्रय देणाऱ्या राजाच्या औदार्यासाठी सांगितली जाते, पण तिच्यात सर्वांत चांगला युक्तिवाद ससाण्याच्या तोंडी आहे. हे कबुतर माझे विहित अन्न आहे, तू याला वाचवून मला आणि माझ्या पिलांना मारतोस, एका धर्माने दुसऱ्या धर्माचा घात होत असेल तर तो धर्मच नव्हे, असे तो म्हणतो. राजा हे म्हणणे उडवून लावीत नाही. मागणाऱ्याचा हक्क खरा आहे हे मान्य करून तो स्वतःचे मांस तागडीत घालतो. आश्रय देणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि ती कबुतराच्या किंवा ससाण्याच्या नव्हे तर स्वतःच्या खात्यावर मांडावी लागते, हा त्या कथेचा कठोर भाग आहे. अर्थात कबुतर निरपराध होते आणि फरारी माणूस सहसा तसा नसतो, हा फरक या कथेने मिटत नाही.

तो फरक ज्यू परंपरेने अधिक नेमकेपणाने हाताळला आहे. हिब्रू बायबलमधील गणना आणि अनुवाद या ग्रंथांत आश्रयाची सहा नगरे सांगितली आहेत. हातून नकळत मनुष्यहत्या घडलेल्याने तेथे धाव घ्यावी, मृताच्या सूड घेणाऱ्या नातलगाला तेथे त्याच्यावर हात टाकता येऊ नये, आणि समाजाने दोघांमध्ये न्याय करावा. हत्या जाणूनबुजून केलेली ठरली, तर मात्र त्याच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याला त्या नगरातून आणवून स्वाधीन करावे. येथे आश्रय म्हणजे न्यायापासून सुटका नव्हे. सूड आणि न्याय यांच्यामध्ये चौकशीला जागा मिळावी म्हणून थोपवून धरलेला तो काळ आहे. रामायणात बिभीषण शरण येतो तेव्हा सुग्रीव त्याला शत्रूचा भाऊ आणि कदाचित हेर ठरवतो. वानरसेनेत त्यावर दीर्घ खल होतो, हनुमान आपले मत देतो, आणि मगच राम अभय देतो. अभय अंतिमतः निरपवाद असले तरी त्याआधीचा विचारविनिमय वाल्मीकीने वगळलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाने ही चौकशीची जागा नष्ट केली नाही, पण पोलिसांचा वेग तिच्यापुढे निघून गेला. १९१४ मध्ये मोनाको येथे पहिली आंतरराष्ट्रीय गुन्हे पोलीस परिषद भरली, १९२३ मध्ये व्हिएन्नात तिला कायमचे कार्यालय मिळाले, आणि पोलिसांना परराष्ट्र खात्याच्या वळणावळणाच्या वाटेने न जाता एकमेकांशी थेट बोलता यावे हा तिचा उद्देश होता. या थेटपणाची काळी बाजू लवकरच दिसली: १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यावर ही संस्थाही नाझींच्या हाती गेली, १९४० मध्ये राइनहार्ड हायड्रिख तिचा अध्यक्ष झाला आणि तिचे कार्यालय बर्लिनला हलले. अनेक देशांनी विश्वासाने जमा केलेल्या नोंदी कोणाच्या हाती पडल्या, याचा धसका युद्धानंतर तिची पुनर्रचना करणाऱ्यांना नक्कीच असला पाहिजे. १९५६ च्या घटनेने तिला इंटरपोल हे नाव दिले आणि तिसऱ्या कलमात राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कोणत्याही कामात पडण्यास तिला सक्त मनाई केली. यमाने दूतांना दिलेल्या आज्ञेचे हे ऐहिक रूप म्हणता येईल. फरक एवढाच की यमाला आपल्या वरची सत्ता ठाऊक होती, आणि इंटरपोलच्या वर असे कोणी नाही.

कलम लिहिले म्हणून प्रश्न सुटला नाही. तो कलमाच्या आधीपासूनचाच होता: चेकोस्लोव्हाकियातून पश्चिमेकडे पळालेल्या निर्वासितांना तेथील साम्यवादी सरकारने याच यंत्रणेमार्फत गुन्हेगार म्हणून मागितले, त्यावरून १९५० मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने संस्थेतून अंग काढून घेतले होते. इंटरपोलची लाल नोटीस ही अटकेची आज्ञा नव्हे. अमुक माणूस अमुक देशाला हवा आहे अशी ती सूचना असते आणि तिच्यावर काय करायचे हे प्रत्येक देशाने आपल्या कायद्याप्रमाणे ठरवायचे असते. प्रत्यक्षात विमानतळावरच्या खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्याला हा भेद जाणवेलच असे नाही. बहरीनचा फुटबॉलपटू हकीम अल अरैबी याला ऑस्ट्रेलियाने निर्वासित म्हणून मान्यता दिली होती, तरी नोव्हेंबर २०१८ मध्ये पत्नीबरोबर बँकॉकला उतरताच बहरीनच्या विनंतीवरून काढलेल्या लाल नोटिशीच्या आधारे त्याला थायलंडमध्ये धरले गेले. निर्वासितावर त्याच्या मूळ देशासाठी अशी नोटीस काढायची नाही हे इंटरपोलचे धोरण असल्यामुळे ती थोड्याच दिवसांत रद्द झाली. माणूस मात्र फेब्रुवारी २०१९ पर्यंत कोठडीत राहिला. मार्सेलिसला जे काही मिनिटांत घडले ते येथे अडीच महिने चालले, आणि यावेळी निदान प्रश्न विचारला गेला, हा शतकातला फरक कमी नाही.

ससाण्याची बाजू मुंबईला वेगळ्या रीतीने समजते. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ माणसे मेली, आणि त्या खटल्यातील फरारी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये सापडला. पोर्तुगालचा कायदा देहदंड आणि अमर्याद कारावास यांना थारा देत नाही, म्हणून सालेमला मृत्युदंड देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा अधिक कैद देणार नाही असे आश्वासन भारत सरकारने पोर्तुगालला दिले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. मराठेशाहीत परागंदा झालेल्याला परत आणण्यासाठी सरकार कौल किंवा अभयपत्र देत असे. हे आश्वासनही त्याच जातीचे, मात्र ते फराऱ्याला नव्हे तर दुसऱ्या राज्याला दिलेले. परंतु १९११ च्या तुलनेत येथे एक महत्त्वाचा बदल झाला. सालेमवर मान्य झालेल्या आरोपांबाहेरची कलमे लावली गेली तेव्हा तो स्वतः पोर्तुगालच्या न्यायालयात गेला, त्या न्यायालयाने भारताने अट मोडल्याचे म्हटले, आणि २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती जादा कलमे मागे घेण्यास संमती दिली. ज्याच्याविषयी करार झाला त्याला तो करार पुढे करून बोलता आले.

विशेष न्यायालयाने त्याला पुढे जन्मठेप दिली, आणि पंचवीस वर्षांच्या आश्वासनाचे काय हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ११ जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कार्यकारी सत्तेने दिलेला शब्द न्यायालयाला शिक्षा कमी करण्यास बांधून ठेवीत नाही, पण सरकारला मात्र तो पाळावाच लागेल. पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर राज्यघटनेच्या ७२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींनी आपला अधिकार वापरावा असा सल्ला सरकारने द्यावा आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे महिनाभरात पुढे पाठवावीत. ससाण्याने येथे आपल्या भक्ष्याचा एक भाग सोडून दिला, कारण त्यावाचून बाकीचा मिळणारच नव्हता. झवेरी बाजारात, एअर इंडियाच्या इमारतीत किंवा माहीमच्या कोळीवाड्यात ज्यांची माणसे गेली, त्यांना हा सौदा करताना कोणी विचारले नव्हते, आणि मार्सेलिसच्या कैद्याला जी जागा शंभर वर्षांनी थोडीफार मिळाली ती त्यांच्यासाठी अजून कोणत्याही करारात राखलेली नाही.